जे गाव उरलंच नाही, ते उजेडात आणि आवाजात कसं उभं राहतं?

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ रेसिया नावाचा तलाव आहे. त्याच्या पाण्यातून चर्चचा एक दगडी मनोरा वर आलेला दिसतो. चौदाव्या शतकातला हा मनोरा तेवढा राहिला. त्याच्या पायथ्याचं कुरॉन हे गाव १९५० साली वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाखाली गेलं. १६३ घरं आणि पाचशेहून जास्त हेक्टर जमीन पाण्यात गेली. २०२१ मध्ये कामासाठी तलावाची पातळी उतरवली तेव्हा पायऱ्या, तळघरं, भिंतींचे तुकडे उघडे पडले आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. त्या भागात मात्र फार आधीपासून एक वेगळीच गोष्ट सांगितली जाते: हिवाळ्यात तलाव गोठला की मनोऱ्यातल्या घंटा ऐकू येतात. खरं तर गाव बुडण्याआधीच, जुलै १९५० मध्ये, त्या घंटा उतरवून नेल्या होत्या.

मनोरा डोळ्यांसमोर असताना लोकांनी दंतकथा रचली ती आवाजाची. उजेड आणि आवाज वापरून नाहीशी झालेली गावं जागवणारे कलावंत नेमका हाच धागा धरतात. हल्ली अशा प्रयोगांबद्दल बरंच छापून येतं, पण त्यात तांत्रिक शब्दच इतके असतात की वाचणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी महागड्या यंत्रांचा खेळ असावा. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहू.

दगड राहतो, माती राहत नाही

किल्ले, राजवाडे, प्रार्थनास्थळं दगडाची असतात. पडली तरी त्यांचे अवशेष उरतात, त्यांच्याभोवती कुंपण घालता येतं, फलक लावता येतो. शेतकऱ्याचं घर माती, लाकूड आणि गवताचं. छप्पर गेलं की पाणी भिंतीत मुरतं आणि काही पावसाळ्यांत भिंत पुन्हा माती होऊन जाते. गोठा, खळं, लोहाराची भट्टी यांचं तर नाव राहिलं तरी खूप. म्हणून जुन्या जगाचा वारसा म्हणून आपण जो जपतो, त्यात राजे आणि पुरोहित भरपूर असतात. राबणारी माणसं फार थोडी.

शिवाय खेड्याचा बराचसा वारसा वस्तूंमध्ये नसतोच. तो कामात असतो. गुरांना घातलेली साद, मळणीची लय, धान्य पाखडताना हाताला येणारा झोक यांची इमारत होत नाही. युनेस्कोने २००३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी वेगळा करार केला, तो याच उणिवेपोटी. जी गोष्ट मुळातच हाताला लागत नाही, ती जागवायला हाताला न लागणारी साधनं लागतात, आणि उजेड व आवाज ही तशी साधनं आहेत.

कान जे सांगतो ते फोटो सांगत नाही

कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात एक गट उभा केला होता. १९७५ मध्ये हा गट युरोपातल्या पाच गावांत गेला: स्वीडनमधलं स्क्रूव, जर्मनीतलं बिसिंगेन, इटलीतलं चेंब्रा, फ्रान्समधलं लेस्कोनिल आणि स्कॉटलंडमधलं डॉलर. घंटा कुठवर ऐकू येते, रस्त्यावरून काय काय जातं, रात्री किती शांतता असते याची त्यांनी नोंद केली. एखाद्या जागी ऐकू येणाऱ्या सगळ्या आवाजांचा मिळून जो परिसर तयार होतो त्याला शेफर ‘साउंडस्केप’ म्हणत. आपण त्याला ध्वनिपरिसर म्हणू.

लेस्कोनिल हे ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. तिथे दिवसभरात वारा दिशा बदलतो आणि त्याच्याबरोबर दूरचे आवाजही बदलतात: कधी जमिनीकडचे, शेतांचे आणि घंटांचे, तर कधी समुद्राकडचे. त्या गावात राहणाऱ्याला घड्याळ न पाहताही दिवस कुठवर आला ते कानाने कळू शकत होतं. या गावाचे कितीही फोटो काढले तरी त्यांत ही गोष्ट सापडणार नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी फिनलंडच्या संशोधकांच्या पुढाकाराने या गावांची पुन्हा नोंद झाली, त्यामुळे आज तुलना करता येते. पहिल्यांदा कुणी ध्वनिमुद्रण केलंच नसतं, तर काय गेलं हेसुद्धा कळलं नसतं.

शेफर आवाजांचे तीन प्रकार करत. काही आवाज लक्ष वेधण्यासाठी असतात, जसा भोंगा किंवा हाक. काही त्या गावाची ओळख असतात. आणि काही इतके सतत चालू असतात की ते कुणाला जाणवतच नाहीत: ओढ्याचं पाणी, गुरांचं रवंथ, झाडातून जाणारा वारा. माझ्या मते या कलेत सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात अवघड हा तिसरा प्रकार आहे. गाव सोडून गेलेल्या माणसाला विचारलं की काय ऐकू यायचं, तर तो घंटा सांगेल, कोंबडा सांगेल. ओढा सांगणार नाही, कारण त्याने तो कधी ‘ऐकला’ नव्हता. पण तो लावला नाही तर सगळं काही असूनही ‘हे आमचं गाव नाही’ असंच त्याला वाटत राहील.

अमेरिकेतले बर्नी क्रॉस निसर्गाचे आवाज मुद्रित करत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडामधल्या लिंकन मेडो या कुरणाजवळ १९८८ मध्ये निवडक झाडं तोडली जाणार होती. त्याने काही बिघडणार नाही असं कंपनीने सांगितलं होतं. क्रॉस यांनी तोडीच्या आधी तिथले आवाज टिपले आणि वर्षभराने त्याच जागी पुन्हा टिपले. फोटोत कुरण जवळजवळ तसंच होतं. मुद्रणात मात्र पक्ष्यांचा तो भरगच्च आवाज राहिला नव्हता.

हे लाइट अँड साउंड शोपेक्षा वेगळं कसं?

लाइट अँड साउंड शोची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १९५२ साली पॉल रॉबेर-उदँ यांनी शांबोरच्या राजवाड्यावर पहिला प्रयोग केला. पुढे ही पद्धत पिरॅमिडपासून असंख्य किल्ल्यांपर्यंत गेली. तिचा गाभा एकच आहे: समोर इमारत उभी आहे, तिच्यावर रंगीत दिवे फिरतात आणि भारदस्त आवाजातला निवेदक इतिहास सांगतो. प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो.

नाहीशा झालेल्या गावात इमारत नसते आणि सांगण्याजोगी लढाईही बहुधा नसते. तिथे प्रेक्षकाला चालवावं लागतं. निवेदन जितकं कमी तितकं बरं, कारण इथे घटना सांगायची नसून एका जागी राहण्याचा अनुभव द्यायचा असतो.

उजेडाचं तंत्र: सगळं दाखवायचं नाही

भिंतीवर टॉर्च तिरपी धरली की गोल झोत लांबट होतो. प्रोजेक्टरच्या चित्राचंही तेच होतं. म्हणून आधी त्या पृष्ठभागाचं मोजमाप घेऊन संगणकात त्याची त्रिमितीय प्रतिकृती करतात आणि चित्र उलट्या बाजूने तितकंच वाकवतात, म्हणजे प्रत्यक्षात ते सरळ दिसतं. याला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात. यात आणखी गूढ असं काही नाही.

अडचण अशी की गेलेल्या गावाला भिंतच नसते. मग झाडं, जमीन, धुकं, बारीक जाळी यांवर उजेड टाकावा लागतो. इटलीतल्या सिपोन्तो इथे जुन्या चर्चचा फक्त पायाच उरला होता. तिथे शिल्पकार एदोआर्दो त्रेसोल्दी यांनी २०१६ मध्ये तारेच्या जाळीने पूर्ण इमारतीचा आकार उभा केला. आरपार आकाश दिसतं आणि रात्री दिव्यांत ती जाळी तरंगल्यासारखी वाटते. इमारत आहे आणि नाही, या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्याला एकदमच कळतात.

अफगाणिस्तानातल्या बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने उडवल्या. जून २०१५ मध्ये एका चिनी दांपत्याने तिथल्या रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाने मूर्तीचा आकार उभा केला. दिवे विझल्यावर कोनाडा पुन्हा मोकळा झाला आणि दगडाला धक्काही लागला नाही. मूर्ती सिमेंटने पुन्हा बांधावी की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. उजेडाने मात्र कुठलाच निर्णय लादला नाही.

खेड्यासाठी मला याहूनही साधा मार्ग पटतो. घर होतं त्या जागी, खिडकीच्या उंचीवर, एकच मंद दिवा. मात्र त्याचा रंग नेमका हवा. मेणबत्तीच्या ज्योतीचं रंगतापमान सुमारे १,९०० केल्विन असतं. बाजारातले पांढरे एलईडी दिवे ४,००० ते ६,५०० केल्विनचे असतात. केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड तांबूस. पांढरा दिवा लावला की तिथे जुनं घर उभं न राहता मोबाइलचं दुकान उभं राहतं.

दुसरी गोष्ट अंधाराची. आपल्या डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून प्रेक्षकांना दिव्यांच्या मांडणीपर्यंत थेट गाडीने न आणता बऱ्याच लांबून अंधारातून चालत आणावं. वाटेत एकाने फोन उघडला तरी त्याची सगळी सवय मोडते. फोन बंद ठेवा, ही सूचना शिस्तीसाठी असते असं लोकांना वाटतं. तिच्याशिवाय मंद दिवा दिसणारच नाही.

आवाजाचं तंत्र: अंतर आणि जागा

समजा, दोनशे मीटरवर लोहाराची भट्टी होती. ऐरणीवरच्या घणाचा आवाज एखाद्या कार्यशाळेत जवळून टिपला आणि तसाच वाजवला, तर लोहार प्रेक्षकाच्या कानाशी बसल्यासारखा वाटेल. दूरच्या आवाजाच्या खुणा वेगळ्या असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. धारदार, बारीक स्वर वाटेत विरतात. आणि आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे दोनशे मीटरवरून तो अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा पोहोचतो. ठिणगी दिसली आणि त्याच क्षणी घण ऐकू आला, तर का ते सांगता येणार नाही, पण मनाला ते खोटं वाटतं. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्पीकर खरोखरच दोनशे मीटरवर, भट्टी होती तिथे ठेवणं. मग हवाच बाकीचं काम करते. पाहुण्यांच्या सोयीसाठी सगळे स्पीकर एका जागी रचले जातात, तेव्हा बरेच प्रयोग तिथेच फसतात.

दिशाही कानच ठरवतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांशाइतका, पण मेंदू तो पकडतो. कृत्रिम डोक्याच्या किंवा माणसाच्या दोन्ही कानांत मायक्रोफोन बसवून केलेल्या मुद्रणात हा फरक जसाच्या तसा उतरतो. कॅनडाच्या कलावंत जॅनेट कार्डिफ १९९१ पासून अशा ‘ध्वनी-सफरी’ करत आल्या आहेत. ऐकणारा हेडफोन लावून त्याच वाटेने चालतो, आणि मुद्रणातली पावलं मागून येताहेत असं वाटून वळून पाहतो.

तिसरी गोष्ट जागेची. तीच हाक मातीच्या खोलीत वेगळी, दरीत वेगळी. एखाद्या जागेत फुगा फोडून तिचा घुमारा मुद्रित केला की त्या जागेचा साचाच मिळतो. मग दुसरीकडे गायलेलं गाणं त्या साच्यात ओतता येतं. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या भव्य प्राचीन वास्तूत असे फुगे फोडून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने तिचा सुमारे अकरा सेकंदांचा घुमारा टिपला. पुढे तिथे न जाता गायलेलं मध्ययुगीन संगीत त्या घुमाऱ्यात ऐकता आलं. गोठ्यात किंवा धान्याच्या कोठारात असा फुगा सहसा कुणी फोडत नाही, आणि मला याची खंत वाटते. एक फुगा आणि एक रेकॉर्डर एवढाच खर्च आहे. इमारत गेल्यावर मोजमापांवरून घुमारा गणिताने काढता येतो, पण तो अंदाजच.

एका बंद शाळेत

जपानच्या निइगाता प्रांतात एचिगो-त्सुमारी हा डोंगराळ, भातशेतीचा आणि प्रचंड बर्फाचा प्रदेश आहे. तरुण शहरांत गेले, शाळा बंद पडल्या, घरं ओस पडली. तिथे २००० सालापासून दर तीन वर्षांनी कला-महोत्सव भरवला जाऊ लागला. २००६ मध्ये फ्रेंच कलावंत ख्रिस्तियाँ बोल्टान्स्की आणि प्रकाशयोजनाकार जाँ कालमन यांनी हिगाशिकावा इथली बंद पडलेली प्राथमिक शाळा हाती घेतली.

व्यायामशाळेत जमिनीवर पेंढा. वरून टांगलेले मंद, उघडे दिवे आणि सावकाश फिरणारे पंखे. बाहेरून आल्यावर आधी येतो तो पेंढ्याचा वास, मग हळूहळू डोळ्यांना आकार दिसू लागतात. प्रयोगशाळेतून हृदयाचे ठोके ऐकू येतात. मुलांच्या हसण्याचं मुद्रण वाजवणं किती सोपं होतं! मग पाहणारा गहिवरला असता आणि पाच मिनिटांत विसरलाही असता. ठोका कुणाचाही असू शकतो, म्हणून प्रत्येक जण तिथे आपलं मूल किंवा आपली शाळा आणून ठेवतो. या कलेबद्दल मला सांगायचं आहे ते हेच: सगळं भरून दाखवू नका, पाहणाऱ्याला जागा ठेवा.

पण हे खोटं नाही का?

होऊ शकतं, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. लोहार होता हे माहीत आहे, पण त्याची ऐरण कशी वाजायची हे माहीत नाही. मग दुसऱ्याच ऐरणीचा आवाज लावला जातो. संगणकाने जुन्या वास्तू दाखवण्याबद्दलची ‘लंडन सनद’ आणि वारसास्थळांचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचवण्याबद्दल इकोमॉस या संस्थेने २००८ मध्ये स्वीकारलेली एनाम सनद यांचा आग्रह एकच आहे: पुरावा कोणता आणि अंदाज कोणता, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. प्रवेशापाशी ‘हा आवाज याच गावात टिपलेला आहे, तो मात्र शेजारच्या खोऱ्यातला आहे’ असं लिहिलं तर जादू कमी होत नाही.

दुसरा खोटेपणा जास्त खोल आहे. दिव्यांच्या तांबूस उजेडात प्रत्येक गाव सुंदर दिसतं. कर्ज, दुष्काळ, बाळंतपणातले मृत्यू, कुणाला विहिरीपासून दूर ठेवलं जायचं, कोण पहाटेपासून राबायचं, यातलं काहीच त्या उजेडात दिसत नाही. कलावंताने गावाचा गोडवाच निवडला, तर तो गाव सोडून गेलेल्यांच्या एका मोठ्या गटाला दुसऱ्यांदा पुसून टाकतो. रात्रीचा खोकला, रडणारं मूल, बंद दारावरची थाप हेही त्या ध्वनिपरिसराचे भाग होते.

हा पैसा जिवंत गावांवर का खर्च करू नये?

अवश्य करावा. जिथे माणसं राहताहेत तिथे आधी रस्ता आणि दवाखाना. एचिगो-त्सुमारीत मला दखल घेण्याजोगं वाटतं ते हे की महोत्सव शहरात न भरवता सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या प्रदेशात पसरवला गेला. पाहणाऱ्याला गावोगाव जावं लागतं आणि कामं उभी करायला गावकरी हात लावतात. कलेने लोकसंख्येची घसरण थांबवली असं मी म्हणणार नाही. तेवढी ताकद तिच्यात नाही.

धरणग्रस्तांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावं लागतं. ज्यांनी गाव बुडवलं त्यांनीच काठावर सुंदर दिव्यांचा सोहळा करायचा आणि मोबदल्याची प्रकरणं पडून राहायची, याला वारसा म्हणता येत नाही. गाव गमावलेल्या माणसांना आधी विचारलं पाहिजे, त्यांनी नको म्हटलं तर थांबलं पाहिजे.

पक्षी, किडे आणि काळोख

न्यूयॉर्कमध्ये जुळ्या मनोऱ्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी ८८ प्रखर दिव्यांचे दोन झोत आकाशात सोडतात. सात वेगवेगळ्या वर्षांतल्या सात रात्रींच्या अभ्यासात सुमारे ११ लाख स्थलांतरी पक्ष्यांवर त्यांचा परिणाम झाल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पक्षी झोतात घिरट्या घालत राहतात. दिवे विझवले की ते काही मिनिटांत पांगतात, म्हणून तिथे पक्ष्यांची गर्दी वाढली की दिवे थोडा वेळ बंद ठेवतात. ओसाड गावात तर आता पक्षी आणि किडेच राहतात. तिथे उजेड खाली झुकलेला, मंद, तांबूस आणि थोडा वेळच असावा. विणीच्या काळात प्रयोगच नको.

आवाज आत्ताच टिपायला हवेत

फ्रान्सच्या ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांनी खटला भरला. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि २९ जानेवारी २०२१ च्या कायद्याने फ्रान्सने ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारशात स्थान दिलं. कायदा झाला तरी मुद्रण आपोआप होत नाही.

ज्याला हे करायचं असेल त्याच्यासाठी थोडं. साधा रेकॉर्डर चालेल, फोनसुद्धा चालेल. फक्त वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर फरचं आवरण हवं. एखाद्या कामाचा आवाज घेताना तो दोनदा घ्या, एकदा जवळून आणि एकदा तो एरवी जिथून ऐकू येतो तिथून. प्रत्येक मुद्रणाच्या आधी जागा, तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा स्वतःच्या तोंडाने बोला, कारण कागद हरवतो. माणसाचा आवाज असेल तर त्याची परवानगीही त्याच मुद्रणात घ्या. काहीच घडत नसताना दहा मिनिटं मुद्रण चालू ठेवा. आणि घरी गेल्यावर ते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटून ऐकायला सांगा, मग काय ऐकू आलं हे न विचारता काय ऐकू आलं नाही ते विचारा.